थाळी रिकामी देऊ नये

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची सगळी मंडळी मालवणकडच्या एकाच गावची, एकाच भावकीची. एकाचं पोट बिघडलं की संडासापुढची अख्खी रांग बाजूला सरून त्याला वाट द्यायची, इतका जिव्हाळा. मजल्याच्या शेवटच्या खोलीत मात्र पास्कू शिंपी आणि त्याची बायको रेजिना राहायची. गोव्याची, किरिस्ताव. बोली जवळपास तीच, मासळी तीच, नारळ तोच. पण रेजिना रविवारी टाचेची चप्पल वाजवत इगर्जीत जायची आणि तिच्या शेगडीवर कधीमधी डुक्कर शिजायचं. एवढ्यावरच मजल्यानं तिला मड्डम करून टाकलं होतं.

एका रविवारी पाद्र्यानं सांगितलं, शेजाऱ्याशी नातं जोडा. बाकीच्यांनी ऐकलं आणि घरी जाऊन जेवून झोपले. रेजिनानं मनावर घेतलं.

नाताळात शेजारी ताट पाठवायची तिच्या गावची रीतच होती. निळ्या काठाची एनामलची खोल थाळी घ्यायची, त्यात नारळ-गुळाच्या दोदोलच्या वड्या, नेवऱ्या म्हणजे करंज्याच, तळलेली गोड कुलकुलं, आणि वर क्रोशाचा रुमाल. पहिली थाळी जायची लागूनच्या खोलीतल्या राधाबाईकडे. राधाबाई तिची नळावरची मैत्रीण. रेजिनाला उशीर झाला तर तिची बादली पुढे सरकवणारी, तिच्या डोक्यातल्या उवांपासून पास्कूच्या खोकल्यापर्यंत सगळं ठाऊक असणारी. दोघींचं बोलणं सगळं चालायचं. खाणं चालायचं नाही.

कारण थाळी दुपारच्या आतच परत यायची. धुतलेली, आणि मधोमध मूठभर साखर. थाळी रिकामी देऊ नये ही राधाबाईची रीत. रेजिना साखरेकडे बघायची. नेवरी खायला वेळ लागतो, आणि ताटभर नेवऱ्या खायला तर जास्तच.

"एवढी साखर साठलीय, तू चहाचं दुकान टाक," पास्कू मशीनवरनं म्हणायचा.

पंचावन्नच्या नाताळात तर कमाल झाली. थाळी गेली, साखर आली. आणि दोन दिवसांनी पलीकडची बकुळा पितळेच्या ताटात करंज्या घेऊन दारात. "आमच्या भावजयीनं केल्यात गो, दादरच्या. घ्या, तुम्हाला म्हणून राखून ठेवल्या."

रेजिनानं ताट घेतलं आणि एक करंजी उचलून तिची कड बघितली. मजल्यावरच्या सगळ्या बायका करंजीला मुरड घालायच्या. रेजिना मात्र नेवरीची कड पास्कूच्या शिवणकामातल्या दातेरी चाकानं कापायची, कापडावर खुणा काढायच्या त्या. बकुळेच्या भावजयीच्या करंज्यांना तीच दातांची नक्षी होती.

म्हणजे झालं होतं असं. राधाबाईला नेवऱ्या फेकवेनात आणि खाववेनात. तिनं त्या कुशाबाच्या घरी दिल्या, माहेरून आल्या म्हणून. कुशाबा मजल्याचा वडीलधारी, मिशा भारदस्त आणि रीतभात तोंडपाठ, फक्त दर वेळी वेगळी. रेजिना डुकराच्या चरबीत तळते हा शोध त्याचाच. त्यानं चार करंज्या मिटक्या मारत खाल्ल्या, उरलेल्या बकुळेकडे गेल्या, आणि बकुळेनं त्यांना दादरची भावजय चिकटवली.

पास्कूनं एक उचलून तोंडात टाकली. "लेकरं फिरून घरी आली. थोडी सुकलीत बिचारी."

रेजिना हसली नाही. "दहा घरं फिरली, पास्कू. पण राधानं एक तोंडात घातली नाही. तेवढंच पायजे होतं मला."

मग जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून कळलं आणि गिरणगाव पेटलं. दगड, टायर, अश्रुधूर, कर्फ्यू. तिसऱ्या मजल्याचे सगळे बाप्ये रस्त्यावर उतरले. एकटा राधाबाईचा नवरा गणपत घरी. गिरणीत साच्यावर, मागापुढे, उभं राहून त्याच्या पायाला भोवऱ्या झाल्या होत्या. "मोर्चा दादरला जाऊ दे," तो म्हणायचा, "मी हितनंच ओरडतो. माझा आवाज पोचेल."

असा हा गणपत कर्फ्यूत खाली उतरला आणि नाक्यावर गोळी लागून मेला.

चाळीच्या कमिटीचा बाबुराव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळा झाला: हुतात्मा गणपत. कर्फ्यू मोडून घोषणा देत छातीवर गोळी झेलली. गोळी पाठीत लागली होती, पण फळा छोटा होता. प्रेत आलं, स्मशानात जायची परवानगी मोजक्यांनाच मिळाली, ती माणसं जाऊन आली आणि संध्याकाळी गॅलरीत खल सुरू झाला.

प्रश्न घासाचा होता. मेल्या घरी चूल पेटत नाही. राधाबाईला पहिला घास भावकीबाहेरच्यानं द्यायचा, तिच्या माहेरच्यांनी. माहेर वरळीच्या बीडीडी चाळीत, आणि मधे कर्फ्यू. मजल्यावरच्या सगळ्यांना सुतक. बाई सकाळपासून उपाशी.

"खालच्या मजल्यावरचा रामजी?" बाबुरावानं विचारलं.

"तो माझा चुलतभाऊ," कुशाबा म्हणाला. "सुतकातच."

"कोपऱ्यावरचा वाणी?"

"दुकान बंद करून पळाला तो. तुम्हीच दगड मारलात ना काल."

बाबुराव खाकरला. मग हळूहळू एकेक मान वळली आणि सगळ्यांचे डोळे शेवटच्या खोलीच्या दारावर जाऊन थांबले. भावकीशी, गावाशी, देवाशीसुद्धा जिचा काही संबंध नाही अशी मजल्यावर एकच बाई होती.

"शास्त्रात बसतं," कुशाबा मिशीवरनं हात फिरवत म्हणाला. शास्त्र त्यालाही नवीनच होतं.

रेजिनानं पातेलं राखेनं घासलं. मग परत घासलं. नाताळचं डुकराचं सोरपोतेल त्यातच झालं होतं.

"भोक पडेल त्याला," पास्कू म्हणाला. त्याचा आवाज मात्र नेहमीचा नव्हता. गणपतची पँट मशीनवर अर्धी उसवलेली पडून होती.

तिनं उकड्या तांदळाची पेज केली. गोव्यातही आजारी माणसाला हीच, मालवणातही हीच. त्यात मीठ घातलं. वर काही नाही. निळ्या काठाच्या थाळीत ओतली आणि गेली.

राधाबाई भिंतीला टेकून बसली होती. बायका बाजूला सरल्या. रेजिना तिच्यासमोर बसली, थाळी मधे ठेवली.

"काय हाय ह्यात?" राधाबाईनं विचारलं.

"तांदूळ नि मीठ."

राधाबाई थाळीकडे बघत राहिली. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "घोषणा कुठली गो. माझी मिश्री संपली व्हती. सकाळपासनं दात शिवशिवत व्हते, मी किरकिर लावली. म्हणाला, गप र्‍हा, आणतो पुडी. मिश्रीपायी गेला तो. नि खाली फळ्यावर ते काय काय लिवलंय."

रेजिनानं राधाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्या करंज्या मी कधी खाल्ल्या नाय," राधाबाई म्हणाली.

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय. परत आल्या माझ्याकडे. बकुळेच्या भावजयीनं केल्या म्हणून."

राधाबाईनं वर बघितलं. तिला हसू फुटलं. मेल्या घरी, भरल्या बायकांत, खो खो हसू. दारातला कुशाबा चपापला, ह्याला काही रीत त्याला आठवेना. रेजिनाही हसली, तिला आवरेना. आणि हसता हसता राधाबाईचा गळा असा फाटला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. सकाळपासून ती रडलीच नव्हती. रेजिनानं तिला छातीशी धरलं. शांत झाल्यावर राधाबाईनं थाळी उचलली, तोंडाला लावली आणि पेज प्याली. सगळी.

किती वर्षं रेजिनानं ह्याचीच वाट बघितली होती. आता मिळालं तर तिला त्या थाळीकडे बघवेना.

दिवसकार्य झालं तसं राधाबाईला दिरानं बोटीनं गावी पाठवलं. खोली दिराला लागली. जायच्या गडबडीत थाळी तिच्या बोचक्यात गेली ती गेलीच. नळावर रेजिनाची बादली आता मागे राहायची.

पुढचा नाताळ आला. रेजिनानं नेवऱ्या केल्या, कड चाकानं कापली, आणि डबा भरून गावी निघालेल्या गुणाजीकडे दिला. गुणाजी भावकीतलाच, गिरणीत कामाला. उरलेल्या नेवऱ्या ताटात मांडून दाराशी ठेवल्या. येताजाता कुशाबा थांबला, कधी नव्हे ती एक उचलली, चावली, डोळे मिटून विचार केला.

"बऱ्या आहेत. पण बकुळेच्या भावजयीच्या हाताची चव नाय."

पास्कूनं तोंड उघडलं. रेजिनानं डोळे वटारले. पास्कूनं मशीन चालू केलं.

सुट्टी संपवून गुणाजी आला. हातात डबा आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली निळ्या काठाची थाळी. त्याची मान खाली.

"मी म्हटलं काकीला, नारळ तरी घाल त्यात, रिकामं काय नेऊ. ऐकायलाच तयार नाय. म्हणाली, असंच दे, तिला कळतां."

"खाल्ल्या?"

"माझ्यासमोर बसून. मला एक दिली नाय." गुणाजी घुटमळला. "तिची नजर गेलीय आता. कडेवरनं बोट फिरवून बघत व्हती, दाते हायत का. ती काय आता मुंबईत येत नाय."

गॅलरीतनं कुशाबानं ऐकलं आणि मान हलवली. "रिकामी थाळी पाठवली. गावात जाऊन रीत विसरली बाई."

रेजिनानं थाळी पदरानं पुसली. पुसायला तिच्यात काहीच नव्हतं, तरी ती कितीतरी वेळ पुसत राहिली.