येतं पातं, जातं पातं

लाइस्बेत आणि एव्हर्ट यांची सुट्टी गोगलगायीच्या चालीनं चालली होती, आणि ती तशीच चालावी अशी डॉक्टरांची ताकीद होती. वसंतात एव्हर्टच्या काळजानं एकदा दगा दिला होता. उन्हाळाभर त्याला खिडकीशी बसवून ठेवलं, आणि सप्टेंबर लागला तसा तो हट्टाला पेटला. सायकली काढायच्या, हेगहून निघायचं, गावं बघत बघत नदीपलीकडे जायचं, आणि ज्या पवनचक्कीत आपण जन्मलो तिच्या उंबऱ्यावर एकदा बसायचं.

"उंबऱ्यावरच बसशील ना?" लाइस्बेतनं विचारलं होतं. "वर चढायला लागलास तर शिडी काढून घेईन."

"जन्मभर ट्राम चालवली गं मी. रूळ सोडून कुठं जाणार?"

पण जन्मभर रुळावर चाललेल्या माणसाला आता मोकळ्या वाटेवर धड दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन हिवाळ्यात होतं. जवळचं दिसे, लांबचं दुधात बुडालेलं. म्हणून वाट तो कापी आणि डोळे तिचे असत. सायकलवाटांच्या फाट्यावर हिरव्या आकड्यांची पाटी आली की तो पुढूनच ओरडे, "काय म्हणते?" ती आकडा सांगे. झाड कसलं, बगळा की दगड, चर्चच्या घड्याळात किती वाजले, सगळं तीच सांगे. लायडनच्या कालव्याकाठी ओला हेरिंग मासा शेपटीला धरून त्यानं तोंडात सोडला तेव्हा, "कांदा मिशीला लागलाय," हेसुद्धा तिनंच.

डेल्फ्ट झालं, गाउडा झालं. गाउड्याच्या चौकात कॉफी मागवली, तर वाढणाऱ्या पोरीनं ट्रेमध्ये एकच कप आणला आणि एकच बिस्कीट.

"अगं, दोन सांगितल्या होत्या," लाइस्बेत म्हणाली.

पोरगी गोंधळली. एव्हर्ट भिंतीच्या सावलीत, खांबाला टेकून बसला होता. "माफ करा, मला वाटलं तुम्ही एकट्याच आहात."

"मी काय, हवा आहे?" एव्हर्ट हसला. "असू दे पोरी. बायकोनं डाएटवर ठेवलंय, आता दिसेनासाच होत चाललोय."

पोरगी हसली. लाइस्बेतलाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं, आत उतरलं नाही.

गाउडा मागं पडलं आणि सखल शेतं सुरू झाली. इथं पाणी वर असतं आणि जमीन खाली. बांधावरच्या वाटेनं जावं तर डाव्या हाताला होड्या डोक्याच्या उंचीवरून सरकतात आणि उजव्या हाताला गाई विहिरीत उतरल्यासारख्या खाली चरतात. वारा दक्षिणेचा होता, थेट तोंडावर. आणि त्या वाऱ्यात, दूर, पहिली पवनचक्की दिसली. थांबलेली.

चक्कीचं बोलणं लाइस्बेत एव्हर्टकडूनच शिकली होती. ती शहरातली, तो चक्कीतला. लग्नाआधी एका रविवारी त्यानं तिला चक्कीसमोर गवतावर बसवलं आणि शिकवलं. खालचं पातं तळाशी पोचायच्या जरासं अलीकडे थांबवलं, की ते येतं पातं. घरात आनंद आहे, लग्न आहे, बाळ आहे. तळ ओलांडून जरासं पलीकडे नेऊन थांबवलं, की ते जातं पातं. घरातून कुणी गेलं. "सोपं आहे," तो म्हणाला होता. "उजवीकडे कललं की गेलं." आणि आईची ओवी म्हणून दाखवली होती:

येतं गं पातं येतं, पाळण्याची दोरी हले
जातं गं पातं जातं, दाराची कडी बोले

पुढच्या दोन ओळी त्याला तेव्हाही आठवल्या नव्हत्या.

आज त्या चक्कीचं खालचं पातं उजवीकडे कललेलं होतं.

"चक्की आली का गं? पाती थांबल्यासारखी वाटतात. आवाज नाही," एव्हर्ट पुढून ओरडला. "काय म्हणते?"

लाइस्बेतच्या तोंडात वारा भरला. "येतं म्हणते," ती म्हणाली.

"वा! कुणाला तरी पोर झालं!" तो घंटी वाजवून पुढं निघाला.

कोसभर गेल्यावर दुसरी आली. तीही उजवीकडे. लव्हाळ्याच्या रानामागं तिसरी, आणि कालव्याच्या वळणावर एकमेकींच्या मागं उभ्या असलेल्या दोन, जणू आगीनंतर उरलेले वासे. सगळ्या उजवीकडे. चक्कीवाल्यांच्या कुळातला माणूस गेला की ज्या वाटेनं त्याची शवपेटी न्यायची, त्या वाटेवरच्या सगळ्या चक्क्या असं पातं लावून उभ्या राहतात, हे तिला ठाऊक होतं. मग ही वाट कुणाची? वाटेवर पुढं ना माणूस ना गाडी. चक्कीच्या कुळातला एकच माणूस या वाटेनं चालला होता, आणि तो तिच्या पुढं, निळ्या जाकिटात, शीळ घालत पायडल मारत होता.

"काय म्हणते?"

"येतं म्हणते."

"हीपण? अख्ख्या मुलखाला जुळी झाली का काय!"

बांधाखालच्या घरांना पडदे नव्हते. मोठ्या काचांतून आतली फुलदाणी दिसे, दिवा दिसे, टेबलाशी बसलेली माणसं दिसत. इतर वेळी अशी माणसं मान वर करून हात हलवतात. आज एका घरातल्या म्हातारीनं लाइस्बेतकडे पाहून हात हलवला, पण पुढून गेलेल्या एव्हर्टकडे नाही. नसेल दिसला, तिनं मनाला सांगितलं. काचेवर ऊन होतं.

स्कोनहोवनच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेलीच होती. एव्हर्ट सायकल घेऊन सरळ पुढं गेला आणि एका मालाच्या गाडीआड उभा राहिला. बोटवाला लठ्ठ, लाल नाकाचा, तोंडाचा मोकळा.

"या बाई! वाऱ्यानं केसांचा पार खोपा केलाय. एकट्याच?"

"दोघं!" ती इतक्या जोरात म्हणाली की बोटवाला दचकला.

"अहो, दोघं तर दोघं. मी काय लग्नाला मागणी घालत होतो?"

"घाल, घाल!" गाडीआडून एव्हर्टचा आवाज आला. "घेऊन जा. फक्त शिडी लपव, नाहीतर काढून घेते!"

बोटवाला खदखदला. नदी रुंद, शिशाच्या रंगाची. मधोमध आल्यावर तिनं एव्हर्टच्या कोटाची बाही धरली. "माझा गुडघा दुखतोय. पलीकडच्या गावात राहू. चक्की उद्या, नाहीतर पुढच्या वर्षी."

"सायकल बॅटरीची आहे, लाइस. गुडघा काय करतोय त्यात?"

"एव्हर्ट, नको ना जायला."

तो तिच्याकडे वळला. जवळचं त्याला दिसे, म्हणून तो अगदी जवळ आला, नाकाला नाक लागेल इतका. "का गं?"

काय सांगायचं? मुलखातल्या चक्क्या तुझी वाट बघत उभ्या आहेत, असं? "उगीच," ती म्हणाली. आणि बोट पलीकडे लागली.

पलीकडच्याही सगळ्या उजवीकडे कललेल्या होत्या. तो विचारी, आणि प्रत्येक वेळी ती "येतं" म्हणे. खोटं बोलून बोलून तिची जीभ कोरडी पडली.

मग एव्हर्ट जन्मला ती चक्की आली. कुडावर हिरवा रंग, वर गवतानं शाकारलेलं छप्पर. दारातून एक तरुण चक्कीवाला धावत आला. तोनिस त्याचं नाव. चक्कीत आता तोच बिऱ्हाड करून राहत होता, आणि एव्हर्टनं त्यालाच फोन केला होता.

"या या, एव्हर्टकाका! अगदी मुहूर्त साधलात. अभिनंदन करा!"

आत टेबलावर ताट होतं. कडक टोस्ट, त्यावर लोणी, त्यावर निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या साखरगोळ्या. मुलगा झाला की पाहुण्याला देतात तेच. खुर्चीत तोनिसची बायको, तिच्या कुशीत लाल चेहऱ्याचं गाठोडं.

लाइस्बेत दारातच उभी राहिली. "पण… पाती?"

"सगळ्यांनी लावली! नदीच्या अलीकडे-पलीकडे, सगळ्या चक्कीवाल्यांनी," तोनिस म्हणाला. "किती वर्षांनी चक्कीत बाळ जन्मलं. येत्या पात्यांची रांगच लागली. दिसली नाहीत का तुम्हाला?"

"उजवीकडे कललेली होती," ती पुटपुटली. "मी… एव्हर्ट, मी तुला खोटं सांगत होते. सगळी जाती पाती होती."

मग एव्हर्ट इतका हसला की ती त्याच्या छातीकडे बघू लागली.

"अगं शहराच्या पोरी! वारा कुठून होता? तोंडावर. चक्की कुणाकडे तोंड करते? वाऱ्याकडे. मग तुला तिचं काय दिसत होतं?"

"पाठ," तोनिस हसत म्हणाला.

"पाठ! पाठीकडून उजवं ते डावं, आणि जातं ते येतं. खोटं बोलायला गेलीस आणि दिवसभर खरं बोललीस!"

आता तिला आठवलं. प्रत्येक चक्कीमागं शेपटासारखा लांब दांडा दिसत होता, तळाशी चाक असलेला. चक्कीची टोपी, म्हणजे वरचा फिरता माथा, वाऱ्याकडे वळवायचा दांडा, तो पाठीकडेच असतो. ती मटकन खाली बसली आणि तिनं टोस्टचा एवढा मोठा घास घेतला की निळ्या गोळ्या टेबलभर उधळल्या. अशी हलकी ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती.

बाळ एव्हर्टच्या मांडीवर दिलं. बाळानं त्याचं बोट मुठीत धरलं, आणि तो हलायचा थांबला.

"लाइस, आठवल्या," तो हळूच म्हणाला. "आईच्या पुढच्या ओळी." आणि त्यानं बाळाला झुलवत म्हटलं:

आल्याला जागा हवी, जागा कुणी सोडायची
पाणी ओढत्या चक्कीबाई, आता पाळी कुणाची

बाळाच्या आईनं बाळ पटकन परत घेतलं. "भूक लागली असेल," ती म्हणाली. बाळ मात्र झोपलेलं होतं.

त्या रात्री ते तिथंच राहिले. सकाळी एव्हर्ट उंबऱ्यावर बसला, ऊन खात, पुष्कळ वेळ. शिडीकडे त्यानं पाहिलंही नाही. मग उठला, चौकटीवर हात फिरवला आणि म्हणाला, "झालं. चल घरी."

वारा तोच होता, दक्षिणेचा, पण आता पाठीवर. सायकली आपोआप पळत होत्या. गवत पुढं वाकून वाट दाखवत होतं. परतीच्या वाटेवर चक्क्यांची तोंडं दिसणार होती, आणि आनंदाची पाती डावीकडे कललेली दिसणार होती. लाइस्बेतनं मनाशी घोकलं. तोंडाकडून डावं ते येतं.

पहिली चक्की आली. शेपटाचा दांडा नाही. पात्यांच्या मागं, टोपीखाली, रंगवलेली पाटी दिसत होती. म्हणजे तोंडच. खालचं पातं उजवीकडे कललेलं होतं.

काल जसं दिसलं होतं, हुबेहूब तसं.

तिनं डोळे पुसले. पुढची बघितली. उजवीकडे. तिच्यामागच्या दोघी, उजवीकडे. कुणीतरी पहाटे उठून सगळ्यांचे ब्रेक सोडले होते, सगळ्यांची पाती हातभर पुढं ढकलली होती. पण कुठल्याच चक्कीपाशी माणूस नव्हता, धूर नव्हता, कुत्रं नव्हतं. गवतावरचं दव कुणी मोडलं नव्हतं.

"लाइस!" पुढून हाक आली. "आता तोंडाकडून बघ. काय म्हणते?"

तिला वाटलं, आपलंही काळीज आता दगा देणार.

"येतं म्हणते."

त्यानं मान जराशी मागं वळवली. "पाठीकडून की तोंडाकडून?"

"तोंडाकडून."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि त्यानं पायडल मारणं थांबवलं. पाय लांब सोडून बसला, लहान पोरासारखा. सायकल मात्र मंदावली नाही. वाऱ्यानं जाकीट फुगलं आणि तो पुढं पुढं चालला, आवाज न करता, दुधाळ उजेडात निळा ठिपका लहान लहान होत.

"एव्हर्ट, हळू!"

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. लाइस्बेतनं बॅटरी पूर्ण जोरावर केली, गुडघे, कंबर, श्वास सगळं पणाला लावून दामटली, आणि नदीच्या बांधाखाली त्याला गाठलं. बरोबरीला येऊन डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. तरुणपणी तो तिला चढावर असाच हात लावून ढकलायचा. तिनं ढकललं नाही. तिनं जाकीट मुठीत धरलं.

"काय गं?" तो म्हणाला. कपाळावर घाम होता. चेहरा प्रसन्न.

"काही नाही. असाच चाल."

एका मुठीत त्याला धरून ती बांध चढली, बांध उतरली. फेरीबोट धक्क्याला लागून उभी होती, फळी टाकून, रिकामी. कालचाच बोटवाला. त्यानं डोळ्यांवर हात धरून उन्हात पाहिलं.

"या बाई. एकट्याच?"

कालची थट्टा होती की खरंच विचारत होता, त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. लाइस्बेतनं मूठ आणखी आवळली. कापडाआड पाठ होती, पाठीत उष्णता होती, उष्णतेत ठोका होता, अडखळणारा पण होता.

"दोघं," ती म्हणाली.

बोटवाल्यानं तिच्या मुठीकडे पाहिलं. मग नदीच्या बांधावर, त्या जात्या पात्यांच्या रांगेकडे. त्यानं टोपी काढली, आणि काढली म्हणून ओशाळून पुन्हा घातली.

"या," तो हळू म्हणाला. "दोघंही या."

बोट सुटली. पाणी फळीखाली गुळगुळ बोलू लागलं.

"काय विचारत होता गं तो?" एव्हर्टनं विचारलं.

"येताय का, म्हणत होता."

"मग? तू काय सांगितलंस?"

"येतोय म्हटलं."

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटून तिच्या खांद्याला टेकला. पलीकडचा किनारा येईपर्यंत, आणि आल्यावरही, लाइस्बेतनं मूठ सोडली नाही आणि मागं वळून पाहिलं नाही.