मुद्दाम चुकवलेला ठेका

मृदंग असो की मशीन, गोधडी गुंडाळायची ती सारख्याच मायेने, असं फुलचूरचा दुलीचंद म्हणायचा. त्याच्या घरी दोन्ही होतं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की तो आपली पिनबॉलच्या खेळाची मशीन बंद बॉडीच्या पिकअपमध्ये घालून निघायचा, आणि बाकी वर्षभर गावच्या कीर्तनात बुवांच्या मागे मृदंग धरायचा.

सव्वाशे किलोची ती पेटी. तिला हलवायचं तर आधी आतली पोलादी गोळी काढून घ्यायची. मग पाय उतरवायचे, वरचं दिव्यांचं डोकं खाली दुमडून बांधायचं आणि पेटी उभी करून गाडीच्या भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळायची. गोळी तो स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. आत राहिली तर खड्ड्याखड्ड्याला उड्या मारते आणि एखाद्या उडीत काच फोडून मोकळी होते.

सौंदडजवळच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा दुलीचंदने सहज खिसा चाचपला. खिसा रिकामा.

स्टिअरिंगवर त्याचा भाचा टिकेश बसला होता; भागीदार चंद्रकुमार मागून फटफटीवर येत होता. याच टिकेशच्या हातून एकदा गोळी आत राहिली होती, आणि तेव्हापासून मामा त्याला पावलोपावली टोचत आला होता. "तुह्या डोक्यात गोळी आहे, फक्त मशीनीतून काढाले आठवत नाई," असं चार माणसांत म्हणायचा. आता त्याच भाच्याला सांगायचं कसं?

"मी जराशिक उतरून राहिलो," दुलीचंद म्हणाला. "फाटक उघडलं तं थांबू नको. मी चंद्रकुमारच्या फटफटीवर येतो."

"चहा एवढा पिऊ नका म्हनलो होतो ना, मामाजी," टिकेश हसला. त्याने समोर लावलेल्या मामाच्या मोबाइलवरचं कीर्तन आणखी मोठं केलं. श्रावणातल्या सप्ताहातलं कीर्तन होतं ते, मृदंगावर खुद्द मामा आणि झांजेवर टिकेश.

दुलीचंद मागून गाडीत चढला. आरशात दिसू नये म्हणून दार आतून ओढून घेतलं. पत्र्याच्या फटींतून येईल तेवढ्या उजेडात त्याने पेटीचे दोन्ही पट्टे सैल केले, झाकणाखाली हात घातला आणि तळाशी घरंगळलेली गोळी बोटांनी शोधून काढली. तोच बाहेर मालगाडी धडधडू लागली.

चंद्रकुमार आता पिकअपच्या मागे येऊन थांबला होता. त्याला पिकअपचं दार नुसतंच लोटलेलं दिसलं. माणूस काळजीवाला. त्याने खाली उतरून कडी घातली, वर खिट्टी ठोकली.

"अरे! मी आत आहो गा!" दुलीचंद ओरडला. मालगाडीपुढे ते कोणाला ऐकू जाणार?

मालगाडी गेली. चंद्रकुमारने पत्र्यावर दोन थापा मारल्या, "दार लावलो गा टिकेश! मी पुढं जाऊन जागा धरतो!" म्हणाला आणि इतर फटफट्यांच्या घोळक्यातून निघून गेला. त्याला वाटलं दुलीचंद पुढे बसलाय. टिकेशला वाटलं मामा फटफटीवर बसला.

रुळांवर गाडी आदळली आणि सैल पेटी कलंडली.

दुलीचंद कोपऱ्यात दाबला गेला. पेटीची कड छातीवर, डावा हात पाठीमागे पत्र्याशी चेंगरलेला. उजव्या हाताने तो पेटी रेटत होता म्हणून श्वास तरी येत होता. फाटकापुढचा रस्ता त्याला पाठ होता. पुढे नाल्यावरची मोरी, आणि मोरीच्या अलीकडे गुडघाभर खड्डा. तिथे ही पेटी पुन्हा उसळली तर बरगड्या राहायच्या नाहीत.

ओरडायला छातीत हवा नव्हती. मग त्याने पेटीवरचा उजवा हात काढला. काढताच पेटी आणखी वीतभर आत आली. त्याने तळहाताने बाजूचा पत्रा बडवला. बडवत राहिला. गाडी मात्र आपल्याच चालीने चालली होती.

पलीकडे केबिनमध्ये गजर रंगात आला होता. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. शेकडो टाळ्या, झांजा, आणि त्यांच्या खाली मृदंगाचे घुमणारे ठोके. दुलीचंदने कान दिला आणि त्याच्या लक्षात आलं. आपली थाप नेमकी त्या ठोक्यावर पडते आहे. टिकेशला ऐकू येत असणारच, पण ती गजराचीच वाटत असणार. आपलाच हात आपल्याच वाजवण्यात मिसळून बुडाला.

आता ठेका मोडायचा.

तीस वर्षांत त्याने गजरात एक मात्रा सोडली नव्हती. ताप असताना नाही, आई गेल्यावर तेराव्याच्या कीर्तनातही नाही. 'देवा, तुझ्या नावावर चुकतो आहे, पदरात घे,' तो मनात म्हणाला आणि हात उशिरा टाकायला गेला. हात ऐकेना. पुढची थाप पुन्हा जागच्या जागी पडली. परत प्रयत्न केला, परत तेच. घामाने डोळे चुरचुरू लागले. पेटी श्वासागणिक जड होत होती.

मग त्याला मंडईतली लेकरं आठवली. मशीनपुढे टाचा उंचावून उभी राहतात आणि गोळी खाली यायच्या आधीच दोन्ही बटणं वेड्यासारखी बडवत सुटतात. ना ताल, ना धीर. दुलीचंदने डोळे मिटले आणि लेकरासारखा पत्रा बडवला. दोन, मग पाच, मग एक, मग कसेही. रामकृष्ण हरीच्या ऐन मध्यावर, निर्लज्जासारखा.

करकचून ब्रेक लागला. पेटी पुढे झुकली तशी छाती मोकळी झाली. गजर बंद पडला. धावती पावलं, खिट्टी, उजेड.

"मामाजी! तुमी तं फटफटीवर होते ना!"

"पयले मशीन धर, मंग बोल."

टिकेशने खांदा लावून पेटी सरळ केली, पट्टे आवळले आणि मामाला बगलेत धरून खाली उतरवलं. मोरी वीस पावलांवर होती. डावी मूठ उघडेना, म्हणून दुलीचंद ती मांडीवर ठेवून चोळत बसला.

"कसा थांबला गा तू?"

"हे कीर्तन मी शंभरदा ऐकलो," टिकेश अजून धापा टाकत होता. "याच्यात तुमचा हात कोठीच चुकत नाई. मी म्हनलो, हे कोन गजबच बेकार वाजवून राहिला?"

दुलीचंदला हसू आलं आणि बरगडीतून कळ निघाली.

"पन तुमी आत कायले गेले?"

दुलीचंदने मुठीकडे पाहिलं. एवढ्या दाबादाबीतही पाठीमागे चेंगरलेल्या त्या मुठीतून गोळी सुटली नव्हती. त्याने उजव्या हाताने ती बोटं उघडली आणि गोळी भाच्यापुढे धरली.

"मशीनीतच राहिली होती. मीच इसरलो. तुले सांगाची लाज वाटली."

आता टोचायची पाळी टिकेशची होती. त्याने गोळी घेतली, सदऱ्याला पुसली, स्वतःच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.

"चाला, पुढं बसा," तो म्हणाला. "खड्डा आहे समोर, हळूच घेतो."