खासगी बाजारातला सात फुटी कट्टा

मी एक जुना कट्टा आहे. मित्रांनो, पळू नका. तुमच्या मराठीत कट्टा म्हणजे दारापुढची बसायची जागा. तोच मी. पण मी ग्वाल्हेरचा रहिवासी आहे आणि इथल्या हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. त्यामुळे ओळख करून देताना मला आधी खुलासा करावा लागतो. मी दगडाचा आहे. लांबी सात फूट, रुंदी दीड फूट, उंची साडेसोळा इंच. मी आजवर कुणावर चाललो नाही. खरे तर कुठेच चाललो नाही.

माझा पत्ता : मुळ्ये आणि भोईटे, वास्तुरचनाकार, खासगी बाजार. कचेरी वर, मी खाली. ही कचेरी १९६२ साली दोघांनी काढली. शरच्चंद्र मुळ्ये यांचे पूर्वज दरबारात कागद लिहीत. महिपतराव भोईटे यांचे पूर्वज फौजेबरोबर आले आणि शिंदे की छावनीत राहिले. एकाला शब्दावर अडून बसण्याची सवय, दुसऱ्याला जागेवर. अशा दोघांचे पहिले भांडण माझ्या उंचीवरून झाले.

"पुस्तकात पंधरा इंच दिलंय," शरच्चंद्र म्हणाले.

"पुस्तक लिहिणारा खुर्चीवर बसून लिहितो. अठरा करा," महिपतराव म्हणाले.

दौलतसिंह नावाचे मिस्त्री छिन्नी घेऊन तासभर थांबले होते. शेवटी ते म्हणाले, "हुजूर, बैठने वालों से पूछ लो।"

मग सुट्या विटा रचून रस्त्याने जाणाऱ्या अकरा जणांना बसवून पाहिले. त्यांत एक शाळामास्तर होते, एक भाजीवाली होती आणि एक बँडवाला होता, तो तुतारीसकट बसला. अकरा जणांच्या गुडघ्यांनी निकाल दिला, साडेसोळा. तेव्हापासून कचेरीचा नियम झाला, की कोणतीही इमारत असो, तिच्या दारी साडेसोळा इंचांचा कट्टा हवाच.

मित्रांनो, या शहरात माझी एकेचाळीस भावंडे आहेत. मुलींच्या वसतिगृहापुढे एक, मंगल कार्यालयापुढे दोन, बाकीची घराघरांपुढे. नई सडकेजवळच्या एका दुमजली घराचा नकाशा करताना महिपतरावांना वाटले जिना शरच्चंद्र काढतील आणि शरच्चंद्रांना वाटले महिपतराव. घर उभे राहिले, जिना नव्हता. घरमालक नऊ दिवस शिडीने वर गेले. हे मी स्वतः पाहिलेले नाही. पण दोघांना माझ्यावर बसून एकमेकांना दोष देताना ऐकले आहे, म्हणून खात्रीचे मानतो. त्या घराचा कट्टा मात्र वेळेत झाला होता.

पुढे महिपतराव गेले. शरच्चंद्रांचे गुडघे गेले. कचेरीच्या एकोणीस पायऱ्या त्यांना चढवेनात. तेव्हा त्यांची नात अपर्णा, जी आता स्वतः वास्तुरचनाकार आहे, रोज दहा वाजता नकाशे खाली आणू लागली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे शरच्चंद्र माझ्यावर बसून लाल पेन्सिलने ते तपासतात. वरची कचेरी तरुणांची, माझ्यावरचे सात फूट त्यांचे.

महिपतरावांचा नातू समरजीत हा अपर्णाचा भागीदार. मुलगा हुशार, पण त्याला दारात गाडी लावायला जागा हवी होती. एका शनिवारी दोघे माझ्याजवळ उभे राहून बोलत होते.

"अरे यार अपर्णा, प्रॅक्टिकल हो ना! क्लायंट गाडी कुठे लावणार, माझ्या सिर पे?"

"आणि आजोबा कुठे बसणार?"

"खुर्ची देऊ ना, गद्दीवाली."

"ती कुठे ठेवणार? गाडीखाली?"

समरजीत हसला, पण त्याने ऐकले नाही. सोमवारी मला तोडणार, असे रविवारी शरच्चंद्रांना कळवण्यात आले. ते येऊन बसले, माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तोडायचं ड्रॉइंग केलंय का?" केले नव्हते. "मग सोमवारनंतर मी नाही येणार, अपर्णा. घरी पुष्कळ कामं पडलीत." घरी एकही काम नव्हते. हे मला ठाऊक होते, कारण घरी काम नसते म्हणून ते माझ्याकडे येत.

आता त्याच शनिवारी रात्री काय घडले होते, ते सांगतो. समरजीतने शेजाऱ्यांना आगाऊ सूचना द्यावी म्हणून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिंदीत लिहिले होते. विचार मराठीत केला होता. अपर्णाने नंतर तो मजकूर माझ्यावर बसून मोठ्याने वाचला, म्हणून शब्दशः देतो : "दादाजी के ज़माने का कट्टा है। सोमवार सुबह निकालूँगा। जिसको दिक्कत हो, अभी बता दे।"

चौघांनी लगेच ग्रुप सोडला. मिठाईवाल्याने लिहिले, "भैया, हमारी तरफ़ से कोई दिक्कत नहीं।" एकाने नुसते हात जोडले. समरजीतला वाटले, किती समजूतदार शेजारी आहेत!

सोमवारी सकाळी गल्लीतले एकही दुकान उघडले नाही. शरच्चंद्र शेवटचे म्हणून येऊन बसले. दहा मिनिटांत दोन पोलीस आले. त्यांतले वयस्कर हवालदार धापा टाकत शरच्चंद्रांच्या शेजारी टेकले आणि मान पुसू लागले.

"बाबूजी, समरजीत भोईटे का दफ़्तर यही है?"

"जी, ऊपर।"

"सुना है, उसके पास कट्टा है।"

"है तो। आधा मेरा है। उसके दादाजी ने और मैंने मिलकर बनवाया था। बासठ में।"

हवालदारांचा रुमाल थांबला. "बनवाया? छुपकर?"

"छुपकर क्यों? यहीं सड़क पर, सबके सामने। पहले ग्यारह लोगों पर आज़माया।"

"ग्यारह! उनमें से कोई बचा?"

शरच्चंद्रांनी आठवून पाहिले. ते कधी अंदाजाने उत्तर देत नाहीत. "अब तो शायद कोई नहीं।"

"और... अभी कहाँ है वो?"

"आप उसी पर बैठे हैं।"

हवालदार असे उठले की टोपी गटारात गेली. बासष्ट वर्षांत माझ्यावरून इतक्या वेगाने कुणी उठलेले नाही.

अपर्णा धावत खाली आली, तिने दोन भाषांतला फरक समजावला. पण तक्रार नोंदली गेली होती, तेव्हा कागद पुरा करणे भाग होते. हवालदारांनी चौकीला फोन लावला. "मिल गया साहब। सात फुट का है।" पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला : "सात फुट का कट्टा? तोप है क्या?"

मग पंचनामा झाला. "मौके पर कट्टा मिला। पत्थर का। वज़न के कारण चौकी लाना संभव नहीं।" म्हणून मला मालकाच्याच ताब्यात देण्यात आले, अट अशी की पुढील आदेशापर्यंत आहे त्या स्थितीत राखावे. समरजीतने सही केली. घण घेऊन आलेले दोन मजूर चहा पिऊन परत गेले.

मित्रांनो, त्यानंतर सात महिने मी सरकारी नोंदीत होतो. माझी एवढी निगा आधी कुणीही राखली नव्हती. समरजीतने माझी एक भेग बुजवून घेतली. तेच हवालदार दर महिन्याला पाहणीला येत, जपून बसत आणि चहा मागत. पाहुण्याला एकटे बसवणे बरे दिसत नाही, म्हणून समरजीतलाही खाली यावे लागे.

तिसऱ्या महिन्यात असाच तो चहा घेऊन उभा होता. शरच्चंद्र त्यानेच काढलेला एका रुग्णालयाचा नकाशा पाहत होते. लाल पेन्सिल एका कोपऱ्यावर थांबली.

"समर, इथे स्ट्रेचर वळणार नाही."

"वळेल ना आजोबा, कॉम्प्युटरवर चेक केलंय मी."

"रिकामं वळेल. धरणारी दोन माणसं काढलीस का?"

समरजीतने चहा ठेवला.  मग नकाशा गुंडाळून एकोणीस पायऱ्या चढून गेला. त्या कोपऱ्यावरची भिंत दुसऱ्या दिवशी कागदावर दीड फूट मागे सरकली.

माघात चौकीतून कागद आला. प्रकरण संपले आहे, मालकाने वस्तूचे हवे ते करावे. समरजीत तो हातात घेऊन खाली आला. अपर्णा नकाशा धरून उभी होती. शरच्चंद्रांनी कागद मागितला, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला आणि उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. "मग घण कधी आणतोस?"

"घण राहू दे," समरजीत म्हणाला. "वसतिगृहाच्या मेसचं दार जमत नाहीये. आजोबा, थोडं तिकडे व्हा ना."

शरच्चंद्र बाजूला झाले. समरजीत बसला. कागदाच्या कोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलने एक दार उमटले, ते आतल्या बाजूला उघडत होते. लगेच त्यावर भांडण सुरू झाले.

मित्रांनो, दगडाची निगा राखायला तेल लागत नाही, रंग लागत नाही. त्यावर कुणी तरी बसावे लागते. बसणारे थांबले, की आधी कुंड्या येतात, मग स्कूटर येते, मग घण. तुमच्या दारी किंवा रस्त्यात माझे एखादे भावंड दिसले, तर घटकाभर टेका. आणि दुसरे कुणी आले, तर थोडे तिकडे व्हा.