मामांचं कडवं राहिलं

भिमाजी बर्फाचा टेम्पो चालवायचा आणि लग्नात मंगलाष्टका म्हणायचा. पहिल्या कामावर त्याचं घर चालायचं आणि दुसऱ्यावर तो स्वतः. अडचण एवढीच, की दोन्ही कामांचा हंगाम एकच. चैत्र तापला की नगर जिल्ह्यात सगळ्यांना बर्फ हवा असतो आणि त्याच दिवसांत सगळ्यांच्या पोरी उजवायच्या असतात.

बर्फाचा कारखाना आप्पासाहेबांचा. तिथून भल्या सकाळी लाद्या भरायच्या, भुशात लोळवायच्या, गोणपाटात गुंडाळायच्या आणि तीनचाकी टेम्पोतून गावोगाव पोचवायच्या. वाटेत मुहूर्त असला, की भिमाजी टेम्पो बाभळीच्या सावलीत लावायचा, खाकी सदऱ्यावर धुतलेलं उपरणं टाकायचा आणि मांडवात शिरायचा. अकरा रुपये, नारळ आणि टोपी एवढा त्याचा मान. शिक्षण चौथी, पण वृत्त कानात पक्कं. वधूवरांची, आईबापांची, मामांची नावं गुंफून तो दर लग्नाला नवी कडवी रचायचा, तीही टेम्पो चालवता चालवता. इंजिनाची फटफट त्याला तालाला पुरायची. आवाज असा, की मागच्या रांगेतली पोरं रडायची थांबत. तो आवाज टेप करून ठेवायची सोय तेव्हा कुणाच्या घरी नव्हती.

आप्पासाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. भिमाजी उशिरा आला की पंक्चर झालं म्हणायचा. मागच्या वैशाखाच्या शेवटी त्यांनी त्याला समोर उभं केलं होतं.

"भिमाजी, तुझ्या टेम्पोला चाकं किती?"

"तीन, आप्पासाहेब."

"आणि या महिन्यात पंक्चरं झाली अकरा. आता बाराव्याला किल्ली टेबलावर ठेवायची आणि सरळ घरी जायचं."

घरी जाऊन त्यानं बायकोला, चांगुणाला, ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग गानं सोडा." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "न्हाई, ऱ्हाऊ द्या. तुमी घरात बसून कुढाल, ते मला झेपायचं न्हाई."

हे सत्तर सालचं. एकाहत्तरच्या चैत्रात देहऱ्याजवळच्या वस्तीवरच्या पुंजारामच्या लेकीचं, रतनचं लग्न निघालं. पुंजाराम चार दिवस आधी रस्त्यात टेम्पोला आडवा आला आणि वहीचा कागद भिमाजीच्या हातात देऊन म्हणाला, "समदी नावं लिवल्यात. एक बी गाळू नका, पाव्हनं. आमच्यात मानपान लई कडक हाय."

भिमाजीनं कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. तोच सदरा अंगात असताना त्यानं पुढच्या गावी खांद्यावरून चार लाद्या उतरवल्या. संध्याकाळी कागद बाहेर काढला तर वरची नावं कशीबशी वाचता येत होती आणि तळाशी निळ्या शाईचा नुसता ओहळ. शाळेत शिकवलं होतं, पत्राच्या खाली 'आपला नम्र' असतं. भिमाजीला वाटलं, पुंजारामनं सही केली असणार. सही काही कडव्यात घालायची नसते. उरलेली नावं घेऊन त्यानं पाच कडवी रचली आणि निर्धास्त झाला.

लग्नाच्या दिवशी टेम्पोत आठ लाद्या होत्या, राहुरीच्या पुढच्या दूध केंद्राच्या. संध्याकाळचं दूध यायच्या आत, म्हणजे चारच्या आत, त्या तिथं पोचायला हव्या होत्या, नाहीतर दूध नासणार होतं. मुहूर्त साडेबाराचा. पाऊण वाजता अक्षता, न जेवता निघायचं, दोन-सव्वादोनला केंद्रावर. असा हिशेब मनात मांडून भिमाजीनं टेम्पो मांडवाजवळच्या चिंचेखाली लावला.

पण नवरदेव पारावरून मांडवात यायलाच सव्वा वाजला. वाजंत्र्यांपुढं नाचणारे नाचून थकेनात. भिमाजी दर पाच मिनिटांनी टेम्पोकडं जाऊन यायचा. खाली पाण्याची धार लागली होती आणि वस्तीवरचं एक कुत्रं आनंदानं त्यात बसलं होतं.

एकदाचा अंतरपाट धरला. गुरुजींचा घसा बसलेला, त्यांनी खुशीनं भिमाजीला पुढं केलं. कर्णा लावलेला होताच. भिमाजीनं माईक हातात घेतला, समोर पाहिलं, आणि उपरण्याचं टोक ओढून खाकी सदरा झाकला.

पहिल्या रांगेत, वरपक्षाच्या पाहुण्यांत, गादीवर आप्पासाहेब बसले होते. पांढरी टोपी, मुठीत अक्षता. तेही त्याच्याकडंच बघत होते.

पळून जायला जागा नव्हती. माईक सुरू होता, दोनशे माणसं उभी होती. भिमाजीनं डोळे मिटले आणि गणपतीचं कडवं उचललं. किल्ली तर जाणारच, मग निदान गाणं तरी नीट होऊ दे, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो जसा गायला तसा आधी कधी गायला नव्हता. दुसरं झालं, तिसरं झालं. नावं आली तशी माणसं सुखावून ताठ होत गेली. पाचवं संपलं, अक्षता पडल्या, आणि भिमाजीनं शेवटचं 'तदेव लग्नं' म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा!"

नवरीच्या मागं उभा असलेला माणूस ओरडला होता. धिप्पाड, गुलाबी फेटा, पिळदार मिशा. तो रतनचा सख्खा मामा, कानिफनाथ.

"माझं नाव कुठाय?" तो म्हणाला. "नवरदेवाच्या तीन मामांची नावं आली. चुलत्याचं आलं. त्या सायकलवाल्या मावसभावाचं आलं. मी काय हितं मांडवाची मेढ म्हनून उभा हाय?"

भिमाजीच्या डोळ्यांपुढं तो निळा ओहळ आला. सही नव्हती ती.

"मामा, चूक झाली माझी," तो म्हणाला. "कागद भिजला."

"कागद भिजला! आन नेमकं माझंच नाव भिजलं? चाललो मी." असं म्हणून कानिफनाथ मामा नवरीच्या मागून निघाला आणि मांडवाच्या खांबाला टेकून, हाताची घडी घालून, लोकांकडं पाठ करून उभा राहिला.

आता मामा पाठीशी नसताना अंतरपाट काढायचा कसा? गुरुजींनी तो तसाच धरून ठेवला. त्यांचे हात थरथरायला लागले. नवरदेव अंतरपाटाच्या वरून नवरी दिसते का ते बघत होता. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटायला लागल्या.

पुंजाराम हात जोडत गेला. "दाजी, ह्यात तुमचं काय बी न्हाई," मामा खांबाकडं तोंड करूनच म्हणाला, "पर मान म्हंजे मान."

मग त्याची बहीण, नवरीची आई बायडाबाई, पदर खोचून गेली. "ए कान्या, लेकरू ताटकळलंय तिथं. लगीन तिचं हाय का तुझा सत्कार?"

"आक्के, तू बोलू नको. तुमी कागदावर माझं नाव कितव्या नंबरला लिवलं होतं, ते सांग."

बायडाबाई नवऱ्याकडं बघायला लागली. पुंजाराम चिंचेकडं बघायला लागला. "शेवटाला लिवलं," तो पुटपुटला. "ही म्हनली तवा आठवलं."

मामानं मान फिरवली. त्याचे डोळे भरले होते, आणि भिमाजीला तिथं पहिल्यांदा उमगलं, की हे नुसतं मानापानाचं भांडण नाही. "शेवटाला!" मामा म्हणाला. "ही पोर एवढीशी हुती तवा माझ्या पाठीवर बसून जत्रंत फिरायची. खवा खायची आन हात माझ्या फेट्याला पुसायची. तवा कुठं गेल्ता तो सायकलवाला?"

मुंडावळ्यांच्या आड रतन हुंदका द्यायला लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आप्पासाहेब उठले. लग्न लागेपर्यंत जागचं हलायचं नाही म्हणून ते इतका वेळ बसून होते. पण आता त्यांना चिंचेखालचा टेम्पो दिसत होता, त्याच्याखालचं तळं दिसत होतं, आणि तळ्यातलं कुत्रंही.

"भिमाजी," ते मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे घाल की त्या माणसाचं नाव! तिकडं बर्फ वितळतोय माझा!"

"लगेच रचायचं म्हंजे, आप्पासाहेब..."

"तुझी अकरा पंक्चरं कुठली ते कळलं मला आज. माझ्या टेम्पोत बसून रचत होतास ना? आता माझ्यासमोर रच."

लोक हसले. भिमाजीनं बोटं मांडीवर आपटून ताल धरला. इंजिन नव्हतं, म्हणून वाजंत्र्यानं संबळावर हळूच ठेका दिला. एक मिनिट गेलं असेल. मग भिमाजीनं माईक तोंडाशी नेला.

"आले कानिफनाथ मातुल पहा, बांधून फेटा नवा,
ज्यांच्या पाठिवरी बसूनि रतना, जत्रेत खाई खवा..."

पुढच्या ओळी कुणाला ऐकूच आल्या नाहीत. 'खवा' म्हटल्याबरोबर मांडवात जो हशा उठला, तो 'शुभमंगल सावधान' येईपर्यंत चालला. मामानं आधी खांबाशी तोंड लपवलं. मग उपरण्यानं डोळे पुसले, मिशा सारख्या केल्या आणि दमदार पावलं टाकत येऊन भाचीच्या मागं उभा राहिला. रतन रडत होती का हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. 'तदेव लग्नं' झालं, वाजंत्री कडाडली, आणि गुरुजींचे हात एकदाचे खाली आले.

लोकांच्या गराड्यातून कसाबसा सुटून भिमाजी मानाचा नारळ न घेताच टेम्पोकडं पळाला. पोचतो तर आप्पासाहेब शेजारच्या जागेवर बसलेले.

"चल," ते म्हणाले.

टेम्पो राहुरीच्या वाटेला लागला. भिमाजीच्या मनात चांगुणाची भाकरी थापणारी बोटं येत होती. किल्ली ठेवून घरी गेल्यावर तिला काय सांगायचं, याची तो जुळवाजुळव करत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक ओळ जुळत नव्हती.

पावणेचारला ते दूध केंद्रावर पोचले. आठ लाद्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, पण दूध वाचवायला बर्फ पुरला. केंद्रावरच्या माणसानं "आज लाद्या लई नाजूक आल्यात" एवढंच म्हणून त्या उतरवून घेतल्या. आप्पासाहेबांनी नळाखाली तोंड धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर येऊन बसले.

"एक ठरव, भिमाजी. नोकरी का गाणं?"

असं विचारलंच तर काय म्हणायचं ते भिमाजीनं वर्षभर घोकलं होतं. "नोकरी, आप्पासाहेब," तो म्हणाला. "घरात चार तोंडं हायेत." खिशातून किल्ली काढून त्यानं ती हातातच धरून ठेवली. "पर खोटं बोललो तेवढं खरंय. त्याची शिक्षा म्हनून किल्ली मागितली तर मी न्हाई म्हननार न्हाई."

आप्पासाहेबांनी किल्लीकडं पाहिलंही नाही. "तुला नोकरी हवी. बरं. आता माझी अडचण ऐक. निघताना त्या मिशीवाल्यानं मला गाठलं. वैशाखात त्याच्या पोराचं लग्न आहे. बारा लाद्या हव्यात म्हणतो. मी म्हटलं देतो. तर म्हणतो, बर्फ कुणाचाबी चालंल, आणायला मात्र तोच डायवर पायजे. आणि माझं नाव दुसऱ्या कडव्यात. ते झाल्यावर नवरदेवाचा बाप आला, त्याच्या धाकट्याचं आहे. आता या दोघांना मी सांगू काय? आमच्या डायव्हरनं गाणं सोडलं?"

भिमाजीला हसू येत होतं, पण हसावं का नाही ते कळेना.

"आधी बर्फ पोचवायचा, मग अक्षता," आप्पासाहेब म्हणाले. "आणि माझ्या देखत पंक्चर हा शब्द काढायचा नाही."

"आन मुहूर्त सकाळचा असला, आन बर्फ लांबचा असला तर?"

"तर पहाटे तीनला निघायचं."

भिमाजीनं जरा विचार केला. किल्ली परत खिशात टाकली आणि म्हणाला, "निघतो की. पर आप्पासाहेब, मंग टेम्पोचा फुडचा दिवा तेवढा दुरुस्त करून द्या. सहा महिने झाले, बंदच हाय."

आप्पासाहेब उठून पुढं गेले आणि दिव्याच्या काचेवर टिचकी मारून आले. "बस गाडीत," ते म्हणाले. "नगरात मिस्त्रीकडं घे आधी."