बांध घरात आला

अपील दाखल झालं त्याच दिवशी बांध अंकुश गव्हाणेच्या घरात आला. उंबरा ओलांडून तो चुलीला खेटून गेला आणि मागच्या भिंतीत शिरला. घोट्याएवढा उंच, अंगावर कुंद्याचं गवत माजलेलं, मधे रुईचं एक झुडूप. अंकुशनं त्याला पाहताक्षणी ओळखलं. न ओळखायला काय झालं, जन्मभर त्यालाच तर खात आला होता.

या खाण्याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात. नांगरताना फाळ किंचित तिरका धरायचा, ओंजळभर माती आपल्याकडे ओढायची आणि वर शेजाऱ्याला रामराम घालायचा. सगळेच करतात. पण बाकीचे नुसते चाखतात, अंकुशनं ताट चाटूनपुसून घेतलं. बांध दिसेनासा झाला तेव्हा शेजारचा लिंबाजी आवाड पाटीपाटीनं माती आणून तो पुन्हा घालायला लागला. वाकून माती थापटत असताना अंकुशनं त्याच्या डोक्यात फावडं घातलं. लिंबाजी वाचला, पण त्याची मान कायमची एका अंगाला कलली. सेशन कोर्टानं अंकुशला सक्तमजुरी सुनावली, आणि वरच्या कोर्टानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन दिला.

"मुद्दा एकच आहे," कुलथे वकील म्हणाले. "लिंबाजी तुमच्या रानात घुसला होता. तुम्ही आपली जमीन राखलीत. तो बांधाच्या तुमच्या अंगाला होता, एवढं ठरलं की सुटलात. होता ना?"

"होता की."

अंकुश घरी आला तर बांध चुलीपासून वीतभर त्याच्याकडे सरकलेला होता. चूल आता पलीकडे गेली होती.

"चूल भाऊजींच्या हद्दीत गेली," त्याची बायको कौसा म्हणाली. "इचारल्याबिगर कशी पेटवू?"

ती खरंच लिंबाजीच्या घरी जाऊन विचारून आली. मग भाकरी थापल्या आणि बांधावरून हात लांब करून एक त्याला दिली. अंकुशला लाज वाटली आणि रागही आला. दोघांत राग जिंकला, नेहमीसारखा.

पुढे जो भेटेल तो विचारायचा. पाहुणे विचारत, पारावरचे रिकामटेकडे विचारत. अंकुश म्हणायचा, माझ्याच रानात होता तो. दर वेळेला बांध सरकायचा. पलंग गेला, ट्रंक गेली, देव्हारा गेला. कौसा पलीकडेच निजू लागली. अंकुश भिंतीशी कूस वळवायलाही जागा नाही अशा पट्टीत पडून राहायचा आणि त्याला तुरुंगाची भीती वाटायची. तिथं जागा कमी असते असं त्यानं ऐकलं होतं.

"एकदा खरं बोला," कौसा म्हणाली.

"तू व्हतीस का तिथं?"

"न्याहारी घेऊन येत व्हते. त्यांचे पाय कुठं व्हते ते मी बघितलंय."

"मग कोर्टात का बोलली न्हाईस?"

"तुम्ही माझं नाव साक्षीला दिलंच न्हाई."

कुठं होते, हे त्यानं तिला विचारलं नाही.

तारखेला बांध एसटीनं त्यांच्याबरोबर आला. कंडक्टरनं त्याच्यावरून पाय उचलून टाकला आणि मागं निघून गेला. कोर्टात तो दारातून शिरला, बाकड्यांच्या मधून थेट जज्जबाईंच्या मंचापर्यंत गेला आणि पलीकडे सगळी फरशी काळी, भुसभुशीत झाली. जज्जबाई पलीकडे होत्या. लिंबाजी होता, पायाशी त्याची मातीची पाटी. कौसा त्याच्यामागं उभी होती.

"वकीलसाहेब, तुम्ही पण तिकडं?" अंकुश म्हणाला.

"माझी खुर्ची इकडंच होती," कुलथे म्हणाले, आणि उभे राहिले. "मायलॉर्ड, फिर्यादी माझ्या अशिलाच्या हद्दीत होता."

बांध सरकला. अंकुशची पाठ भिंतीला लागली.

"वकिलांनी बसावं," जज्जबाई म्हणाल्या. "अशील सांगेल. फिर्यादी कुठं उभा होता?"

अंकुशनं लिंबाजीकडे पाहिलं. कललेल्या मानेमुळे तो कान देऊन ऐकतोय असंच वाटायचं.

"सांग की अंकुशा," लिंबाजी म्हणाला. "मलाबी कळू दे. मी खाली बघून माती थापटत व्हतो. पाय माझ्या रानात व्हते का तुझ्या, ते मला त्या मारानंतर आठवत न्हाई. तू म्हणशील ते मी मान्य करतो."

या माणसाच्या लग्नात अंकुश वरातीपुढं नाचला होता. दादा, तू तुझ्याच रानात होतास, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले. मग त्याला तुरुंगाचं दार दिसलं.

"माझ्या रानात," तो म्हणाला.

कौसानं डोळे मिटले. बांध सरकला आणि भिंतीपाशी येऊन थांबला. आता अंकुशच्या बाजूला एका पावलाची जागा उरली होती. त्यानं दुसरा पाय वर उचलून धरला.

"निर्दोष," जज्जबाई म्हणाल्या. "निकाल ऐकताना अपीलकर्त्यानं दोन्ही पाय टेकून सरळ उभं राहायचं असतं. टेकवा, म्हणजे वाचते."

"जागा न्हाई, बाईसाहेब."

"आम्ही थांबतो."

कोर्ट थांबलं. पंखा फिरत होता. अंकुशची मांडी थरथरू लागली. सरकून सरकून बांधाची कड ढासळली होती, माती पलीकडे सांडत होती. ते लिंबाजीला बघवेना. तो पाटी घेऊन पुढे आला, अंकुशच्या पायाशी पाठमोरा वाकला आणि दोन्ही हातांनी माती थापटू लागला. त्याची कललेली मान उघडी पडली, अंकुशच्या उचललेल्या पायाच्या बरोबर खाली, आणि पाय हळूहळू खाली येऊ लागला.