अंगठ्याचा वाडगा

माझा नवरा खलील दोह्याजवळच्या मेसईदच्या कारखान्यात पाइप रंगवतो, म्हणून जगातल्या प्रत्येक रंगातलं त्यालाच कळतं!

दोह्यातल्या क्लासात शिकून मी लाकडी वाडग्याला झाडाच्या चिकाचं चिनी रोगण लावलं. ते दमट हवेतच सुकतं, म्हणून वाडगा बाथरूममध्ये ठेवला. खलीलने उचलून एसीखाली ठेवला. आठ दिवस चिकटच! "माल खराब आहे," म्हणत त्याने अंगठा दाबून बघितला.

दुसऱ्या दिवशी अंगठा टम्म सुजला, गावी कच्चे काजू सोलताना सुजतो तसा. मी खोबरेल दिलं आणि वाडगा परत बाथरूममध्ये नेला. दोन दिवसांत खडखडीत सुकला, अंगठ्याच्या ठशासकट.

ठसा मी घासला नाही. खलील काही शिकवायला लागला, की त्याच वाडग्यात त्याला कालवण वाढते.