लातूरची होडी

गाठ सुटत नव्हती. गुरुलिंगची बोटं तिच्याशी झटत राहिली, तेव्हा सुकन्याने नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि दोर दातांत धरून ढिला केला. तोंडात रस्त्याची धूळ आली. दोर निघाला तशी पिकअपच्या लोखंडी सांगाड्यावरची होडी किंचित कलली, आणि तिच्या डाव्या कुशीला पडलेलं भोक दोघांनाही स्वच्छ दिसलं.

होडी गोदावरीत सोडायला ते लातूरहून नांदेडला निघाले होते, आणि लोह्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे कुणी तरी मुरमाचा गतिरोधक घालून ठेवला होता, त्यावर ना पांढरे पट्टे ना पाटी. पिकअप चालवणाऱ्या केरबाला तो दिसला नाही. गाडी उडाली, होडी उसळली आणि सांगाड्याच्या कोपऱ्यावर आदळली. केबिनमध्ये दोघांच्या मधे बसलेल्या सुकन्याला तो आवाज आला. पापड मोडावा तसा, कोरडा. गुरुलिंग फक्त "थांबव" म्हणाला.

आता केरबा गमछ्याने मान पुसत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की आपण रोज या रस्त्याने येतो, काल इथं काही नव्हतं.  गुरुलिंगने भोकातून कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपलं, प्लायवुडची एक ढलपी बाहेर काढली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्याने ही होडी करायला घेतली होती. कयाक म्हणतात तिला, हे तो सगळ्यांना सांगायचा. गल्लीत सगळे होडीच म्हणत. लांब, निमुळती, वरून झाकलेली, मधे एका माणसापुरती जागा. ज्या गावाने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, त्या लातुरात गच्चीवर होडी बांधणारा माणूस म्हणजे लोकांना आयताच विषय. टँकरवाला हॉर्न वाजवून विचारायचा, अप्पा, सोडू का पाणी गच्चीवर? गुरुलिंग हसायचा आणि पॉलिशपेपर घासत राहायचा. तीन वर्षं तो घासत राहिला. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. सुकन्या खाली एकटी जेवायची आणि त्याचं ताट वर नेऊन ठेवायची.

म्हणून भोक पाहिलं तेव्हा तिला आधी काय वाटलं, ते तिने कुणालाच सांगितलं नसतं. तिला सुटल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं. मग तिने पदर नीट केला, केला होता तरी पुन्हा केला.

"केरबा, गाडी वळव," गुरुलिंग म्हणाला. "परत जाऊ."

"आन् हिचं काय करायचं?" तिने विचारलं.

"काय करायचं. पत्र्याच्या शेडात टाकू."

तो चिडून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो डबा घरी विसरल्यासारखं बोलला, आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला. तिच्याकडे त्याची पाठ होती. खिशातली ढलपी काढून तो त्या लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, एकीकडून दुसरीकडे, जसा गच्चीवर फिरवायचा. सुकन्या थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने दोर उचलला, होडी पुन्हा आवळली आणि केरबाला सांगितलं की गाडी नांदेडलाच घे. देगलूर नाक्याला सलीमभाईंचं सुतारकामाचं दुकान आहे, माझ्या बहिणीच्या घराची दारं त्यांनीच केलीत.

गुरुलिंग गाडीत येऊन बसला.

सलीमभाईंनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि सरळच सांगितलं, की आपण पलंग, कपाटं, दारं करतो. नावेला कधी हात लावलेला नाही. उद्या कुणी बुडालं तर आपलं नाव निघायचं. यावर गुरुलिंग पहिल्यांदा जरा हुशारला. बुडायचं तर मीच बुडणार, तुमचं नाव घ्यायला वर येणार नाही, असं तो म्हणाला. सलीमभाई हसले, चहा सांगितला, आणि दोघं होडीशेजारी उकिडवे बसले.

भोकाचं काम अवघड नव्हतं. फुटलेला भाग चौकोनी कापायचा, आतून प्लायचा तुकडा बसवायचा, बाहेरून काचेचं कापड रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून चिकटवायचं. अडचण एवढीच होती, की भोक बैठकीच्या बरंच मागे पडलं होतं आणि तिथवर आतून हात पोचत नव्हता. वरचं झाकण कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काम झालं की कापलेला तुकडा परत जागेवर बसवता आला असता, सांधा तेवढा दिसला असता.

गुरुलिंगने पेन्सिलीने रेघ मारली. करवत सलीमभाईंच्या हातात दिली. त्यांनी ती परत त्याच्याच हातात ठेवली.

"तुमची चीज हाय, अप्पा. तुम्हीच कापा."

त्याला वेळ लागला. सुकन्या बाकावर बसून पाहत होती. करवतीचा पहिला ओढा बसला तेव्हा त्याने डोळे मिटले. नंतर मात्र हात सरळ चालला.

मुक्काम बहिणीकडे, शिवम्माकडे झाला. शिवम्माने विचारायचं ते विचारून घेतलं: एवढा खटाटोप, त्यात माणूस एकच बसणार, मग तू काठावर काय चपला राखणार का? सुकन्याने भाकरी उलटली आणि म्हणाली, राखीन की.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दुकानात गेली, तेव्हा दोघं अडले होते. होडीच्या फळ्या तारेने शिवून जोडलेल्या होत्या, त्यातली कडेची शिवण धक्क्याने उकलली होती आणि कोपऱ्यात तांब्याची तार ओवायची होती, पण दोघांचेही पंजे त्या सांदीत मावत नव्हते. काही न विचारता तिने बांगड्या मागे सारल्या आणि कापलेल्या जागेतून खांद्यापर्यंत आत वाकली.

आत रेझिनचा वास होता आणि पिवळसर उजेड. तार ओवता ओवता तिची नजर पुढे गेली. होडीच्या तळाशी, दोन फळ्या मिळतात तिथे, रेझिनखाली तारांचे पीळ एका ओळीत शेवटपर्यंत गेले होते. गच्चीवर उन्हात बसून, पक्कड धरून, तिनेच घातलेले. तो भोकं पाडत पुढे जायचा, ती मागून तार ओवत यायची. वरचं झाकण बसलं आणि ते सगळं आत गेलं. त्यानंतर ते तिला दिसलेलं नव्हतं. आता ती ते पाहत राहिली. तार बसवून झाली होती तरी ती बाहेर आली नाही.

"अडकली का?" गुरुलिंगने विचारलं.

"न्हाई. बघून राहिले."

"काय?"

"काही न्हाई. चांगलं झालंय."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला भुसा लागला होता. तो तिच्याकडे पाहत होता. तिने डबा उघडून पुढे ठेवला आणि ती निघाली.

पुढचे दोन दिवस शिवम्माच्या घरी पाहुणे आल्यामुळे तिला जाता आलं नाही; डबा केरबा येऊन घेऊन गेला. नांदेडची रोजची फेरी झाली की तो आपणहून येत होता. होडीचं विचारलं की तो म्हणे, चाललंय, वैनी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः गेली. होडी दोन लाकडी घोड्यांवर आडवी होती. डाव्या कुशीतलं भोक गेलं होतं. तिथे तळहाताएवढा फिकट डाग होता, त्यावरून हात फिरवला तर सपाट लागत होता. मग तिने वर पाहिलं. झाकणाचा कापलेला तुकडा परत बसवलेला नव्हता. कापलेल्या जागेच्या कडा घासून गोल केल्या होत्या आणि त्यांना सागवानाची पट्टी फिरवली होती. बैठक होती तिथून काढून वीतभर पुढे नेलेली होती.

सलीमभाईंनी तिला पाहिलं आणि हात धुवायचे म्हणून ते मागे निघून गेले.

गुरुलिंग त्या नव्या कडेवर पॉलिशपेपर घासत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तुझं वजन किती हाय?"

सुकन्याने डबा बाकावर ठेवला. "कशाला?"

"मागं बैठक नेमकी कुठं बसवायची ते बघायचंय. चुकलं तर कलती चालंल."

 रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"तीन वर्षांत कधी विचारलं न्हाई," ती म्हणाली. आवाज साधाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा.

गुरुलिंगचा हात थांबला. "तवा जागाच ठेवली न्हवती मी," तो म्हणाला.

दुकानाला लागूनच भंगारचं दुकान होतं आणि त्याच्या दारात मोठा काटा. सुकन्या तिकडे गेली. काट्यावर रद्दीचा गठ्ठा होता, तो तिने भंगारवाल्याला खाली उतरवायला लावला. मग चपला काढल्या आणि पदर आवरून ती वर उभी राहिली, सरळ, समोर बघत.

भंगारवाल्याने आकडा मोठ्याने वाचला. गुरुलिंगने पेन्सिल शोधली आणि तो आकडा होडीच्या आतल्या बाजूला, लाकडावरच लिहून ठेवला.